जगदाळ्यांची दोन बैठकांची मोटार

कोरेगावच्या पूर्वेला, वसना नदीच्या अंगाला, खडकवाडी नावाचं गाव आहे. तिथले हंबीरराव जगदाळे मराठा पलटणीत जमादार होते. इटलीतली लढाई उरकून ते घरी आले आणि वर्षाच्या आत त्यांनी मोटार घेतली.

नुसती मोटार घेतली असती तर गावाला एवढं नवल वाटलं नसतं. लढाईच्या दिवसांत गुळाला चांगला भाव आला होता, जगदाळ्यांचा ऊस मोठा होता आणि कोरेगावात दोघा-तिघा बागायतदारांच्या दारात मोटारी आल्याच होत्या. नवल वाटलं ते या मोटारीच्या रूपाचं. रंग गडद हिरवा, नाक लांबलचक, चाकं तारांची, दारं कमरेपाशी कापलेली, डोक्यावर कापडी टप, पाठीला एक जादा चाक आवळलेलं आणि बसायला माणसं फक्त दोन. पलटणीचे मेजरसाहेब पुण्याहून विलायतेला निघाले होते. जाताना त्यांनी ही शर्यतीच्या घाटणीची गाडी हंबीररावांना थोडक्या पैशांत दिली, कारण इटलीत त्यांची जीप हंबीररावांनीच हाकली होती आणि गाडी जीव लावणाऱ्याच्या हाती पडावी अशी त्यांची इच्छा होती.

गाडी दारात आली त्या दिवशी गाव लोटला. भावकीतले बाळासो गाडीभोवती फिरले, वाकून खालनं बघितलं आणि हिच्यात उसाच्या मोळ्या कुठं ठेवायच्या असं त्यांनी विचारलं. लोक हसले. हंबीररावही हसले, पण त्यांची मान ताठच होती. त्यांच्या आई शालूबाई भाकरतुकडा घेऊन आल्या. गाडीवरनं ओवाळला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नाकाला कुंकू लावलं आणि कुणाला न विचारता दार उघडून दुसऱ्या बैठकीवर जाऊन बसल्या. डोईवरचा पदर दातात धरून त्या कोरेगावच्या बाजारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. उतरल्यावर म्हणाल्या, घोड्यावर बसल्यावानी वाटतंय. त्यांचे सासरे रिसाल्यात, म्हणजे घोडदळात होते, त्यामुळे हे बोलणं साधं नव्हतं.

हंबीररावांच्या बायकोचा, अंजनाचा नंबर दुसऱ्या दिवशी लागला. ती बसली आणि दोघं कोरेगावला जाऊन आले. कशी वाटली म्हणून हंबीररावांनी विचारलं तेव्हा आवाज चांगला आहे, एवढंच ती म्हणाली.

तिनं आवाजाचं का म्हटलं ते सांगायला हवं. जगदाळ्यांच्या विहिरीवर पाणी उपसायचं तेलाचं इंजिन होतं. हंबीररावांच्या वडिलांनी ते लढाईच्या आदल्या साली बसवलं होतं. हंबीरराव समुद्रापलीकडे गेले, मागं वडील वारले आणि इंजिन चालवणारा गडीही पलटणीत भरती झाला. ऊस उभा होता आणि इंजिन गप्प. इंजिनाच्या कारखान्याचा मिस्त्री एकदा येऊन गेला तेव्हा अंजना त्याच्या शेजारी बसून राहिली. तो काय उघडतो, काय पुसतो, कुठं तेल घालतो ते तिनं बघितलं आणि मग लढाई संपेपर्यंत ते इंजिन तिनंच चालवलं. पहिल्यांदा हँडल उलटं बसून तिचं मनगट सुजलं होतं. एकदा तिनं सगळी नळी उलटी जोडली होती. पण शिकली. शेजारच्या वाडीच्या बायका नुसतं बघायला यायच्या. कासोटा घट्ट करून ती हँडल मारायची आणि धुराचा पहिला गोळा वर गेला की तिच्या तोंडावर जे तेज यायचं ते शालूबाईंनी पाहिलं होतं.

हंबीरराव परत आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विहिरीवर तिच्या हातातलं हँडल घेतलं. आता मी आलोय, तू कशाला हात काळे करतीस, असं म्हणाले. मायेनंच म्हणाले. इंजिनावर त्यांनी हरिबा नावाचा गडी ठेवला. अंजना चुलीकडं वळली. घरात काम कमी नव्हतं. पण दुपारी इंजिन सुरू झालं की चुलीपुढं बसल्या बसल्या तिची मान थोडी विहिरीकडं वळायची.

तर मोटार. चार-सहा महिने ती छान पळाली. मग दिवाळीच्या सुमारास चढावर दम सोडायला लागली. कंपनीचे एजंट पुण्याला होते. हंबीरराव खंबाटकी आणि कात्रज हे दोन घाट ओलांडून तिथं गेले. तिथं सगळं पलटणीसारखं शिस्तीत होतं. काचेचं दार, भिंतीवर विलायती गाड्यांची चित्रं, पांढरे डगले घातलेले कारागीर. वर्कशॉपचे मुख्य गंगाधरपंत म्हणून गृहस्थ होते. त्यांनी हंबीररावांना खुर्ची दिली, जमादारसाहेब म्हटलं, गाडी ठेवून जायला सांगितलं. आत जाऊन बघता येईल का, असं हंबीररावांनी विचारलं. गंगाधरपंतांनी नम्रपणे तसा नियम नाही म्हणून सांगितलं. एक सुटा भाग मुंबईहून यायचा होता, तो आला की कळवतो म्हणाले.

भाग लवकर आला नाही. पुण्यात गाडी एवढे दिवस राहिली की बाळासोंना विषय मिळाला. पारावर बसून ते विचारायचे, हंबीरराव, गाडी माहेरी गेली म्हणं, बाळंतपणाला का? हंबीरराव हसण्यावारी न्यायचे. गाडी परत आली ती मात्र देखणी होऊन आली. काम चोख होतं. पण दोन-अडीच महिन्यांत तिचा दम पुन्हा गेला आणि पुन्हा पुण्याची वारी हंबीररावांना नको होती.

तेव्हा त्यांनी ठरवलं की आपणच बघू. जीप चालवत अर्धी इटली पाहिली होती, ही गाडी ती काय. त्यांनी पटांगणात घोंगडं अंथरलं, गाडीचं नाक उघडलं आणि पान्हे मांडले. खरं असं होतं की जीप बिघडली की ती पलटणीच्या वर्कशॉपात जायची आणि तिथले शिपाई ती दुरुस्त करायचे. हंबीररावांनी फक्त हाकली होती. ते स्वतःशी हे कबूल करायला तयार नव्हते. गाडीला इंजिनात पेट्रोल सोडणारे दोन कार्बोरेटर होते. त्यांचे स्क्रू त्यांनी इकडे फिरवले, तिकडे फिरवले, आणि संध्याकाळी गाडी सुरू केली तेव्हा मागनं काळा धूर निघाला आणि बांधावरची म्हैस दावं तोडून पळाली.

अंजना ओसरीवर उभी होती. ती खाली आली आणि म्हणाली की आवं, तेल लय जातंय आत, जरा कमी करा. हंबीरराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "ही इंजिनं येगळी असत्यात. तू जा आत." ती गेली. स्क्रू मूळच्या जागी कसे होते ते हंबीररावांना आठवेना. अंदाजानं बसवून त्यांनी गाडी चालण्याजोगी केली, पण पेट्रोल ती पाण्यासारखी पिऊ लागली, आणि तेव्हा पेट्रोल रेशनच्या चिठ्ठीवर मिळायचं.

त्या वैशाखात अंजनाच्या धाकट्या भावाचं, अर्जुनाचं लग्न निघालं. तिचं माहेर मिरजेच्या पलीकडं, कृष्णेच्या काठी. हंबीररावांनी गाडीनंच जायचं ठरवलं. सासुरवाडीत ही गाडी घेऊन उतरायचं हे त्यांनी ती घेतली तेव्हापासून मनात धरलं होतं. शालूबाई आदल्या दिवशी आगगाडीनं पुढं गेल्या. कऱ्हाडपर्यंत गाडी नीट आली. इस्लामपूर सोडलं आणि ती लंगडायला लागली. अंजना मान तिरकी करून ऐकत होती. आष्ट्याच्या पुढं ती म्हणाली, "आवं, चारातलं एक घर मरतंय." सिलिंडरला ती घर म्हणायची.

हंबीररावांनी न ऐकल्यासारखं केलं. सांगली ओलांडली आणि विश्रामबागच्या सुमारास गाडी रस्त्याच्या कडेला उभीच राहिली.

तिथून जवळच एका चिंचेखाली पत्र्याची मोठी शेड होती. आत एक बस उभी होती. बाहेर खाकी तुमान आणि बाह्या फाडलेला सदरा घातलेले, जानव्याला किल्ल्या अडकवलेले एक गृहस्थ रस्त्यापर्यंत चालत आले. ते चिंतामणराव परचुरे. हे गॅरेज त्यांचं स्वतःचं. कुठल्या कंपनीचे एजंट नव्हते, कुणाची पाटी लावलेली नव्हती, येईल ती गाडी करायचे. गाडी ढकलून चिंचेखाली घेतली. चिंतामणराव नाक उघडून बघत होते, हंबीरराव पुण्याला काय काय केलं ते सांगत होते. तेवढ्यात अंजनानं गाडीच्या पुढचं हँडल काढलं, बसवलं आणि इंजिन सावकाश हातानं फिरवलं. पुन्हा फिरवलं.

हंबीररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्त्यावर माणसं थांबली होती. त्यांनी दबक्या आवाजात तिला बाजूला हो म्हटलं. पण चिंतामणरावांनी हात वर केला आणि तिला विचारलं, "काय लागतंय हाताला, वहिनी?"

"तीनदा हात अडतोय," अंजना म्हणाली. "चौथ्या बारीला पोकळ जातोय. आमच्या हिरीवरच्या इंजिनाचा वाल जळला हुता तवा असंच झालं हुतं."

चिंतामणरावांनी स्वतः हँडल फिरवून पाहिलं. मग ते म्हणाले की बरोबर आहे, वाल, म्हणजे आतली झडप, धरत नाही, इंजिनाचं डोकं उतरवावं लागेल. लढाईतलं पेट्रोल वाईट होतं, त्यानं पुष्कळ गाड्यांचं हे झालंय. तीन दिवस गाडी इथं राहील आणि बघायचं असेल त्यानं खुशाल येऊन बघावं, इथं दार नाहीच.

हंबीरराव आणि अंजना टांगा करून माहेरी गेले. हंबीररावांना दोन दुःखं होती. ज्या गाडीनं उतरायचं त्या गाडीऐवजी टांग्यानं उतरले, याचं एक दुःख. आणि आपल्याला अर्ध्या महाराष्ट्रातून येताना जे कळलं नाही ते बायकोला उभ्या उभ्या कळलं, याचं दुसरं.

मांडवात त्यांना सगळ्यांनी गाडीचं विचारलं. ती सांगलीला उघडलीय, एवढं ते सांगत होते. जेवणाच्या पंगतीत अर्जुना त्यांच्या शेजारी होता. तो साधा, बोलका पोरगा. तो सांगू लागला की दाजी, लढाईच्या वक्ताला तो एकदा खडकवाडीला आला होता, पाऊस नव्हता तेव्हा. भोवतालच्या मळ्यांतला ऊस वाळून पिवळा पडलेला आणि जगदाळ्यांचा तेवढा हिरवागार. मळ्यात गेला तर अक्का इंजिनाशेजारी आडवी झालेली, तोंडावर तेलाचे ओघळ, आणि बांधावर बायका रांगेनं बसलेल्या. मिस्त्री यायला तयार नव्हता म्हणून तिनंच सगळं खोललं होतं.

"तवा दोन दीस जेवली न्हाई ती," अर्जुना म्हणाला. "इंजिन लागल्यावर जेवली."

हंबीररावांचा घास हातातच राहिला. त्या साली ऊस वाचला हे त्यांना ठाऊक होतं. इटलीत बातमी कळली तेव्हा देवानं राखलं असं म्हणून त्यांनी हात जोडले होते. कसा वाचला हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात आपण तिच्या हातातनं काय काढून घेतलं ते त्यांना त्या पंगतीत बसून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीचं सगळं आटोपल्यावर त्यांनी अंजनाला आवाज दिला आणि विश्रामबागला चल म्हणाले. बायका बघत राहिल्या. लग्नघरातनं नवऱ्याबरोबर गॅरेजला जाणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. शालूबाई चौकात मुंडावळ्या गुंफत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, जा गं, पाहुण्यांचं मी बगते.

चिंतामणरावांनी वाल बाहेर काढून ठेवले होते. चौथ्या घरातल्या एकाची कड एका बाजूनं खाल्ली गेली होती. त्यांनी अंजनाला वाल घासायचं दाखवलं. घासायचं मलम लावायचं, दोन्ही तळव्यांत काठी धरून ताक घुसळल्यासारखं फिरवायचं आणि वाल जिथं टेकतो ती कड सगळीकडून सारखी करडी दिसली की थांबायचं. हे तिला यायचं. ठिणगीचा भाग तिला नवा होता, कारण विहिरीवरच्या इंजिनाला ठिणगी नव्हती. प्लग कसा तपासायचा, वायर कुठली कुठं, दोन कार्बोरेटर एका नळीनं ऐकून कसे जुळवायचे, हे तिनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. दोनदा चुकलीही. चुकल्यावर चिंतामणराव रागावायचे, अगदी आपल्या कामगारावर रागवावं तसे, आणि तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडं ढकलणाऱ्या छोट्या पंपावर बोट ठेवून ते म्हणाले की किल्ली फिरवली की हा टिकटिकतो, ती टिकटिक ओळखून ठेवा.

हंबीरराव खोक्यावर बसून बघत होते. शेवटी त्यांनी चिंतामणरावांना विचारलं की या गाडीचं पुढं करायचं कसं. पुण्याला न्यावी, इथं आणावी, का घरी करावी.

"पुण्याचं काम वाईट नाही," चिंतामणराव म्हणाले. "त्यांच्याएवढे सुटे भाग माझ्याकडे कधीच असायचे नाहीत. मोडलं-तोडलं तर मी आहे. पण हिच्या वालांची फट, तेल, प्लग, कार्बोरेटर हे सारखं बघावं लागतं. तेवढ्यासाठी दोन घाट ओलांडणार? ते ज्याच्या दारात गाडी त्यानंच करायचं."

हंबीरराव म्हणाले की आपण करून पाहिलं आणि बिघडवून ठेवलं.

चिंतामणराव हात पुसत हसले. "तुम्ही नका करू. तुम्ही चालवा. तिचं ऐकणारं माणूस घरात आहे, त्याला करू द्या."

गाडी तयार झाली. वरात निघाली तेव्हा नवरानवरी घोड्यावर आणि मागं हळूहळू ती हिरवी गाडी. हंबीरराव हाकत होते, शेजारी अंजना. आवाज असा एकसारखा येत होता की वाजंत्री थांबली की लोक तोच ऐकत राहायचे.

खडकवाडीला परतल्यावर हंबीररावांनी एक गोष्ट केली. सकाळी ते विहिरीवर गेले, हरिबाला उसाच्या पाण्यावर लावलं आणि इंजिनाचं हँडल घरी घेऊन आले. अंजना भाकरी थापत होती. तिच्यापुढं ते ठेवून म्हणाले, "हे तुझं. मी इचारल्याबिगर घेतलं हुतं." अंजनानं परातीतनं हात काढला, हँडल उचलून कोनाड्यात ठेवलं आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. ती भाकरी करपली, असं शालूबाई नंतर सांगत.

त्या दिवसापासून मोटारीची देखभाल घरी होऊ लागली. दर अमावास्येला शेतीची औजारं धुवायची घरची चाल होती. अंजनानं मोटार त्यातच धरली. तेल बदलायची, फट तपासायची, प्लग घासायची. हंबीरराव पान्हे हातात द्यायचे. सुरुवातीला ते मागल्या परसात करायचे, लोक बघू नयेत म्हणून. पुढं पुढं पुढल्या अंगणातच करू लागले. बाळासो एकदा म्हणाले की हंबीरराव, पलटणीत हुकूम सोडायचास, आता घरात पान्हा देतुयास व्हय रं. हंबीरराव म्हणाले, व्हय गड्या, देतुया. बाळासोंनी मग गुळाच्या भावाचं काढलं.

त्याच साली देशाला स्वातंत्र्य मिळालं. थंडीत पुण्याच्या मोटार क्लबानं पुणे ते महाबळेश्वर अशी मोटारींची चाचणी ठेवली. पूर्वी त्या क्लबात साहेबलोकच असायचे. आता ते गेले होते आणि आपली माणसं पहिल्यांदाच सगळं स्वतः करत होती. हंबीररावांच्या पलटणीतले कॅप्टन लालासाहेब क्लबात होते. मेजरसाहेबांची गाडी खडकवाडीत आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी हंबीररावांना बोलावलं. नियम असे होते: गाडीत दोघंच, वाटेत बिघाड झाला तर त्या दोघांनीच गाडीतल्या हत्यारांनी दुरुस्त करायचा, दुसऱ्याचा हात लागला की गाडी बाद, आणि दिवस मावळायच्या आत महाबळेश्वर गाठायचं.

पुण्याहून निघताना बाकी गाड्यांमध्ये हंबीररावांना पुष्कळ ओळखीची तोंडं दिसली. पलटणीतले अधिकारी होते, मुंबईचे शेठ होते. गंगाधरपंतही होते, कारण निम्म्या गाड्यांची देखभाल त्यांच्याकडे होती. प्रत्येक गाडीत दुसऱ्या बैठकीवर कुणी शिकाऊ कारागीर, कुणी मित्र. हंबीररावांच्या शेजारी नऊवारी नेसलेली, कपाळावर आडवं कुंकू लावलेली अंजना. काहींनी नवऱ्याबरोबर हौसेनं आलेली बाई म्हणून कौतुकानं नमस्कार केला. तिनंही केला.

कात्रज सहज चढला. शिरवळला चहा झाला. शिरवळपुढचं खंडाळा मागं टाकून खंबाटकीच्या चढाला लागले आणि मधल्या मोठ्या वळणावर गाडीनं दोनदा आचके दिले नि बंद पडली. हंबीररावांनी चाकामागं धोंडा लावला. नेमकं त्याच वळणावर क्लबाचं ठाणं होतं. झेंडा घेऊन दोन तरुण उभे होते आणि त्यांच्यापाशी स्वतः लालासाहेब.

अंजना उतरली. पदर खोचला, बांगड्या कोपराकडं सारल्या आणि नाक उघडलं. झेंडेवाला तरुण भला होता. तो हंबीररावांना म्हणाला की शिरवळला एजंटांचे मेकॅनिक आहेत, माणूस पाठवू का, गाडी बाद होईल पण निदान इथं अडकून पडणार नाही.

"मेकॅनिक हितं हाय," हंबीरराव म्हणाले आणि पान्ह्यांची पिशवी उघडून अंजनाच्या हाताशी जाऊन उभे राहिले.

तिचा पहिला अंदाज चुकला. तिला वाटलं ठिणगी गेली. तिनं प्लग काढले, पुसले, तपासले. ठिणगी निळीशार होती. त्यात वेळ गेला. मागनं गाड्या येत होत्या, हात हलवून पुढं जात होत्या. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं. हंबीररावांना वाटलं काहीतरी बोलावं, धीर द्यावा. पण ती ऐकण्याच्या नादात आहे हे त्यांनी आता ओळखलं होतं. त्यांनी पुढचा पान्हा काढून हातात तयार ठेवला.

मग ती म्हणाली, "किल्ली फिरवा. इंजिन नगं, नुसती किल्ली."

त्यांनी फिरवली. ती कान देऊन उभी राहिली. घाटात वारा होता, खाली कुठंतरी बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज होता. पंपाची टिकटिक नव्हती.

तिनं पंपाचं टोपण काढलं. आतले वीज जोडणारे दोन बारीक बिंदू काळे पडले होते. हंबीररावांच्या खिशात आगपेटी होती. तिची खरखरीत कड फाडून तिनं हलक्या हातानं ते घासले, मग लुगड्याच्या सुती टोकानं पुसले. टोपण बसवताना त्याची गव्हाच्या दाण्याएवढी ढिबरी, म्हणजे नट, तिच्या बोटांतनं निसटली आणि रस्त्यावरच्या फुफाट्यात गेली.

हंबीरराव गुडघ्यावर बसले. अंगात पलटणीचा कोट, छातीवर बिल्ल्यांची रांग, आणि ते दोन्ही हातांनी धूळ चाळू लागले. लालासाहेब चार हातांवर होते. नियमामुळं त्यांना वाकता येत नव्हतं. एकेकाळी या माणसाला त्यांनी गोळ्यांच्या माऱ्यात जीप काढताना पाहिलं होतं. ते नुसते उभे राहिले आणि झेंडेवाल्या तरुणांना त्यांनी बोलू दिलं नाही. बऱ्याच वेळानं हंबीररावांनी ढिबरी शोधली, फुंकर मारली आणि अंजनाच्या तळहातावर ठेवली.

किल्ली फिरवली. टिकटिक आली. दुसऱ्या हँडलाला इंजिन लागलं.

धोंडा काढून गाडीत बसताना हंबीररावांनी लालासाहेबांना सलाम केला. लालासाहेबांनी सलाम घेतला आणि मग दुसऱ्या बाजूला जाऊन अंजनालाही केला. तिनं काळे हात जोडले.

वाई मागं पडली, पसरणीचा घाट गाडीनं एका दमात चढला. महाबळेश्वरला पोचले तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर होतं. आधी आलेल्यांत त्यांचा नंबर कुठंच नव्हता. पण कितीतरी गाड्या घाटांत अडकल्या होत्या किंवा दुसऱ्याचा हात लागून बाद झाल्या होत्या. ही गाडी चाचणीत पूर्ण उतरली. पूर्ण उतरलेल्यांना क्लबानं पितळी बिल्ला दिला. अध्यक्षांनी तो हंबीररावांच्या कोटाला लावायला हात पुढं केला, तेव्हा हंबीरराव मोठ्यानं म्हणाले, "साहेब, गाडी आमच्या मंडळींनी आणली. बिल्ला त्यांचा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंजनानं मान खाली घातली नाही.

गंगाधरपंत गाडीपाशी आले. त्यांनी नाक उघडून आतलं सगळं निरखून पाहिलं, वालांची फट स्वतः तपासली आणि समाधानानं मान हलवली. मग हंबीररावांना म्हणाले की अशी जपलेली गाडी आमच्या देखरेखीत असावी, वर्षाचा करार करा, आणि जमादारीणबाईंना आमच्या वर्कशॉपात कधीही आत येऊन बघता येईल, मी नियम बदलून घेतो.

हंबीररावांनी अंजनाकडं पाहिलं. "तूच सांग."

अंजनानं थोडा विचार केला. "सुटं भाग तुमच्याकडचंच घिऊ," ती गंगाधरपंतांना म्हणाली. "ते असली असत्यात. जड काम निघालं तर सांगलीला चिंतामणभाऊ हायती, त्यास्नी सोडणार न्हाई. बाकीचं आमी घरी करतो. पर तुमचं वर्कशॉप बगायला येणार मी."

गंगाधरपंत म्हणाले, जरूर या. आणि ती पुढं खरोखरच गेली, पण ती गोष्ट वेगळी.

बिल्ला शालूबाईंनी देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला. कोरेगावच्या बाजारात त्या ही हकिकत सांगत, आणि दर बाजाराला ती थोडी वाढत जाई. आधी गाडी वळणावर बंद पडली होती, मग दरीच्या काठाशी लोंबकळली, पुढं तर सुनेनं ती एका हातानं धरून दुसऱ्या हातानं दुरुस्त केली. अंजना लाजून म्हणायची की आत्याबाई, आवं, असं न्हाई झालं. शालूबाई मिरच्या निवडता निवडता म्हणायच्या, तू गप. तुला काय ठावं, तू गाडीच्या नाकात डोकं घालून हुतीस.

आणि कुणी नवखा माणूस जगदाळ्यांची मोटार कुणाची म्हणून विचारायला लागला, तर शालूबाई सांगायच्या, "सुनंची. आमचा हंबीर निस्तं चाक धरतो."

हंबीरराव शेजारी असले तर व्हय म्हणायचे.